चौदापैकी अकरा

कुलूपकाकांनी गेल्या चोवीस वर्षांत गावातली निम्मी दारं तरी उघडली असतील, आणि सगळी मालकाच्या देखत. किल्ली हरवलेला माणूस घामाघूम होऊन दाराशी उभा असायचा; पण काका हत्यारांच्या पेटीला हात लावण्याआधी शांतपणे विचारायचे, “आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे?” उत्तर मिळालं की दार उघडायचं आणि पहिल्यांदा डावीकडे बघायचं. एका बँकेतल्या साहेबांनी “काय असेल बुवा” म्हणून खांदे उडवले, तर काकांनी त्यांना बायको येईपर्यंत पायरीवर बसवून ठेवलं होतं. स्वतःचं घर ज्याला ठाऊक नाही, त्याचं ते घर कसलं, असं काकांचं म्हणणं.

अशा माणसाला सोळा वर्षांत पहिल्यांदा सुट्टीवर काढायचं म्हणजे बायकोची कमालच. पंधरा वर्षांच्या लेकीची परीक्षा तोंडावर होती. ती म्हणाली, “तुम्ही जा. मी राहते.” समुद्रकाठी पाच दिवस ठरले. काका गेले खरे, पण नुसते देहाने. पहिल्या दिवशी त्यांनी हॉटेलच्या खोलीचं कुलूप दुरुस्त केलं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीचं. बायको पाण्यात पाय बुडवून उभी, आणि हे मागे वाळूत फोन कानाला लावून. “कडी लावलीस?” “लावली.” सकाळ, दुपार, संध्याकाळ, औषध घ्यावं तसं.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, “चला घरी. तुमच्यापेक्षा त्या लाटा बऱ्या, निदान मधूनमधून मागे तरी जातात.”

न कळवता, भर दुपारी, दोघं बॅगा घेऊन आपल्या दाराशी पोचले. काकांनी किल्ली लावली, तर ती आतच जाईना. त्यांनी चष्मा सारखा केला. दाराला नवंकोरं कुलूप होतं. आणि ते त्यांच्याच दुकानातलं होतं, काचेच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेलं, ज्याच्याकडे बोट दाखवून ते गिऱ्हाइकाला सांगायचे, “ते राहू द्या, ते फार भारी.”

काकांनी दार वाजवलं.

“कोण?”

“अगं, मी. बाबा.”

मग लेकीचा आवाज आला, “आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे?”

“चपलांचं कपाट,” काका ठणकावून म्हणाले.

“ते उजवीकडे.”

काकांनी आपल्या डाव्या खांद्याकडे बघितलं. पेटी कायम डाव्या खांद्याला. त्या बाजूचं त्यांना कधी दिसलंच नव्हतं.

“आरसा आहे गं,” मागून बायको म्हणाली. “बारा वर्षं आहे. उघड, माझे हात दुखले.”

दार उघडलं. “हे कुलूप कोणी बसवलं?” काकांनी विचारलं.

“मी. दुकानाची किल्ली खुंटीला होतीच. तुम्ही गेलात त्याच दुपारी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आत आले.”

“आत म्हणजे?”

“फोनमध्ये बघत एक मजला आधीच थांबले. त्यांची किल्ली लावली, दार उघडलं. बूट काढले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, पाणी आण गं. मी पातेलं घेऊन बाहेर आले. बिचारे माझ्यापेक्षा जास्त घाबरले. मोजे तसेच पायात, बूट हातात, पळाले.”

बायको खाली बसली. काका उभेच.

“मग मी घरातल्या सगळ्या किल्ल्या लावून बघितल्या,” लेक म्हणाली. “शेजाऱ्यांच्या पण मागून आणल्या. चौदा. अकरांनी उघडलं.”

“सायकलची नसेल लागली,” काका कसेबसे म्हणाले.

“सायकलची सगळ्यात सहज.”

ते जुनं कुलूप बदलायचं काका नऊ वर्षं म्हणत होते. रविवारी बघू म्हणायचे, आणि रविवारी कोणाचं तरी दार अडकायचं.

“पण रात्री कडी होती ना?”

“एका स्क्रूवर लोंबत होती. पहिल्या रात्री मी दाराला टेबल लावून बसले. सकाळी उठून कुलूप बसवलं, मग कडीचे स्क्रू.”

“आणि मी फोनवर विचारत होतो, तेव्हा?”

“तेव्हा लावलेलीच असायची. खोटं नाही बोलले.” “सांगितलं असतं तर तुम्ही लगेच निघाला असता. आई पहिल्यांदा समुद्र बघत होती.”

लोकांच्या घरांना जपणारा माणूस आपल्या पोरीला कुठल्याही किल्लीने उघडणाऱ्या दारामागे ठेवून वाळूत उभा राहिला होता. त्यांनी नव्या कुलपावरून अंगठा फिरवला. स्क्रू सरळ, पट्टी घट्ट. खोट काढायला जागा नव्हती.

“त्या चौदा किल्ल्या आहेत का?” त्यांनी विचारलं.

“आपल्या आहेत. शेजाऱ्यांच्या परत दिल्या.”

काका तडक निघाले. खालच्या-वरच्या सगळ्यांच्या किल्ल्या मागून आणल्या, डॉक्टरांचीसुद्धा. डॉक्टरांनी मान खाली घालूनच दिली. मग जुनं कुलूप उघडणाऱ्या अकरा लेकीकडून वेगळ्या करून घेतल्या, तिला आत घालून दार लावून घ्यायला सांगितलं, आणि स्वतः बाहेर बॅगांच्या गराड्यात गुडघे टेकून एकेक किल्ली लावायला बसले. डॉक्टरांची लागली नाही. सायकलची लागली नाही. जिन्यात दोन-चार जण जमले.

“बाबा, अकरा झाल्या,” आतून लेक म्हणाली. “आत या आता.”

“थांब, तीन राहिल्यात.”

“त्या तीन तर जुन्यालाही लागत नव्हत्या.”

“नसू देत,” काका म्हणाले, आणि त्यांनी बारावी किल्ली उचलली.