एका मीटरवर दोन घरं

मीटर जोरात पळतंय म्हणून मी आबांशी, म्हंजे वडलांशी, किती दिवस भांडतोय, आन ते एकच म्हणतात, "शाळंतनं तू पळालास, मीटर न्हाई." आज त्यांनी गावाकडनं, पासलीहून लाइटबिलाचा फोटो पाठवला. हितं सुरतला खोलीतल्या सोबत्यानं मला तो नीट वाचून दाखवला.

मीटर बरोबरच हाय, मित्रांनो. दर वाढलेत हे खरं, पण शंभर युनिटच्या पुढं गेलं की पुढच्या युनिटांना आणखी लई जादा दर लागतो. शेजारी आमची काकी एकटीच राहती. तिच्या घराला तार आमच्याच मीटरवरनं दिलीय. दोन घरांचे युनिट एका बिलात पडतात, म्हणून आमी शंभर ओलांडतो.

आबांना फोनवर हे सांगत होतो, तर मागनं काकीच बोलली, "भावजी, तार काढून टाका. मला एकटीला कशाला पायजे उजेड?"

आबा म्हणाले, "तिच्याकडं अंधार करून मी जेवू व्हय रं?"

वेगळं मीटर घेतलं तर दोन्ही घरं शंभरच्या आत राहतील. तुमच्याकडंबी अशी तार असंल, तर कुणाशी भांडायच्या आधी बिल बघाल ना?

काकीच्या मीटरसाठी आज अडीच हजार पाठवतोय.