दोघांच्या मधला पडदा

गल्लीतल्या फोटोवाल्याने गावातली झाडून सगळी जोडपी कॅमेऱ्यासमोर बसवली, पण स्वतः बायकोशेजारी कधी बसला नाही. लाजतो मेला, असं बायका म्हणायच्या. बायकोनेही टोमणे मारायचं सोडलं नाही.

ती दुखण्यातून जरा उठून बसली, त्या दुपारी त्याने कॅमेरा स्टँडवर चढवला. उजेड आणि फोकस दोन्ही ऑटोवर टाकले, टायमर लावला आणि धावत येऊन तिला खेटून बसला.

"अहो नवरदेव, धाप तरी आवरा!" ती म्हणाली.

रोल अर्धाच झाला होता, म्हणून कॅमेऱ्यातच राहिला. तो धुवेपर्यंत ती गेली होती.

उजेड अगदी बेतशीर आला होता. पण ऑटोफोकस मधोमध असेल ते धरतो, म्हणून आधी चेहऱ्यावर फोकस पक्का करायचा असतो, तेच घाईत राहिलं. दोन डोक्यांच्या फटीतून कॅमेऱ्याने मागचा पडदा धरला. पडद्याची वीण न् वीण स्पष्ट, आणि पुढे दोघं नुसते धुरकट.

त्याने फोटो मुलीपुढे धरला. "तुझे डोळे चांगले आहेत. आई हसतेय का गं?"

"हसतेय की, बाबा," मुलगी बघायच्या आधीच म्हणाली.