तलवारबाजाचे संवाद

म्युनिकच्या आमच्या मंडळात गणपतीला दरवर्षी तेच नाच, तीच गाणी. यंदा मी नवऱ्याला सुचवलं, जुना इंग्रजी बोलपट आवाज बंद करून दाखवू आणि संवाद माईकवर मराठीत बोलू. सिनेमाही मीच शोधला. घोडे, धुरळा, उर्मट शिपाई, आणि डोळ्यांवर काळा मुखवटा बांधून गरिबांसाठी तलवार चालवणारा एक वीर. सिनेमे नुकते बोलायला लागले होते त्या काळातला, त्यामुळे नट माईकच्या आसपास खांबासारखे उभे राहून सावकाश बोलतात. मराठी बसवायला सोपं, असं आपलं मला वाटलं.

कसलं सोपं! डोळे फुटायची वेळ आली. लेकीला किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, सोडलं की लॅपटॉप उघडून नटांचे ओठ बघत बसायचं. वीराचे ओठ मिटले की तिथे प, ब नाहीतर म हवा, तरच तो मराठी बोलतोय असं वाटतं. शिपायांच्या कप्तानाला मी कोल्हापुरी दिली, नायिकेला खास पुणेरी टोमणे. लिहिलेलं सगळं रात्री लेकीला म्हणून दाखवायचे. पुण्यात मी जाहिराती लिहायचे. इथे आल्यापासून मी कुणाची तरी बायको, आणि घराचा पत्ता नोंदवायच्या आंमेल्डुंगपासून डॉक्टरची वेळ घ्यायच्या टेर्मिनपर्यंत सगळं नवऱ्याच्या जर्मनवर चालतं. हे एवढं एक काम माझं होतं. नवरा नकला फर्मास करतो, म्हणून सगळे आवाज त्यालाच दिले.

कार्यक्रमाच्या दिवशी लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, हे लिहिलं कुणी? मी पदर सावरून उठायच्या बेतात होते.

"मीच," नवरा म्हणाला. "ऑफिसमधून आल्यावर, बसल्या बसल्या."

मला वाटलं, चेष्टा करतोय, आता माझ्याकडे हात करेल. कसलं काय! अध्यक्षांनी शाल घातली आणि यानं मान वाकवून ती घेतली. माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात मांडीवरची लेक मोठ्यांदा जर्मनमध्ये म्हणाली, नाही, हे आईनं लिहिलंय. तिथे जर्मन न कळणारं कुणी नव्हतं.

नवरा हसला. "तिला मराठी कुठे धड कळतं," तो माईकवर म्हणाला. मग सगळेच हसले. लेक माझ्याकडे बघायला लागली. माझं श्रेय गेलं हे मी एक वेळ गिळलं असतं, पण त्यानं पोरीला खोटं पाडलं, तेही चार लोकांत. मी उठले.

"तिला कळतं," मी म्हणाले. "संवाद मी लिहिलेत."

एकानंही टाळी वाजवली नाही. अध्यक्ष प्रसादाच्या रांगेबद्दल सूचना द्यायला लागले. घरी जाताना एस-बानच्या लोकलमध्ये नवऱ्यानं शाल पिशवीत कोंबली. मी त्याचं नाक कापलं म्हणे. नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं, म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! तेव्हापासून तो घुम्यासारखा जेवतो आणि उठतो. मी माफी मागावी म्हणून वाट बघतोय.

काल अध्यक्षांचा फोन आला, तो मीच उचलला. दिवाळीलाही असंच काहीतरी झकास हवंय म्हणाले. मिस्टरांना तेवढं लिहायला सांगा.