काकूनं न बदललेलं प्रकरण

सौंदडहून चुलतभावाचा फोन आला. "आई गेली," तो म्हणाला. "जेवून पडली, ते उठलीच नाई." माझ्या काकूला कुणाला ताटकळत ठेवणं आवडायचं नाही. गेलीही तशीच.

काकू कॉलेजात इंग्रजी शिकवायची. राणीच्या काळातली एक जुनी इंग्रजी कादंबरी तिच्या फार जीवाची होती. कापडगिरण्यांचं गाव, कामगारांचा संप, आणि मालक व जमाव यांच्या मधोमध उभी राहणारी एक हट्टी मुलगी. पोरं ती परीक्षेपुरती वाचत, म्हणून काकू कायम चिडलेली. निवृत्तीनंतर तिला खरे श्रोते मिळाले. दुपारी शेजारच्या बाया मांडीवर सूप घेऊन तिच्या पडवीत बिड्या वळायला बसत, आणि काकू पुस्तक समोर धरून त्यांना आमच्या बोलीत गोष्ट सांगे. हात तेंदूच्या पानावर, कान काकूकडे... गिरणीतल्या पोरींचं काय झालं, हे रोज कुणीतरी विचारायचंच.

मग एका उन्हाळ्यात, बायांना पानं देऊन बिड्या घेणाऱ्या ठेकेदाराच्या मुन्शीनं छाट वाढवली. छाट म्हणजे नापास केलेल्या बिड्या. त्यांची मजुरी मिळत नसे, पण मुन्शी त्या ठेवून घेई आणि खुशाल विकेही. बायांनी त्याच्याकडून तेंदूपत्ता उचलणं, म्हणजे कामच, बंद केलं. मागणी एकच होती: बिड्या वाईट आहेत ना, मग आमच्यासमोर मोडा.

नेमकं तेव्हाच पुस्तकात संप फसल्याचं प्रकरण आलं. काका म्हणाले, "जिंकवून टाक त्यायले. कोनाले समजते?"

काकू भडकली. "मुन्शी रोज फसवते बायायले. आता मीबी फसवू का?"

मी तेव्हा तिथंच होते. तिनं जसं होतं तसं सांगितलं. एकेक घर उपाशी पडलं, एकेक माणूस फुटला आणि खाली मान घालून गिरणीच्या फाटकात शिरला. सगळ्यांच्या पुढे असणारी सगुणाबाई उठली. "बाई, आमी हात बांधून बसून राह्यलो, अन् तुमी हरल्याची गोष्ट कायले सांगून राह्यल्या?" तिच्यामागून सगळ्या गेल्या.

पुढचे काही दिवस पडवी रिकामी. काकू सवयीनं सगळ्यांचा चहा टाकायची आणि मोरीत ओतायची. "मीच मोडला या बायायचा संप," ती एकदा म्हणाली. तिला घाबरलेलं मी तेवढंच पाहिलं.

बाया होत्या सगुणाबाईच्या अंगणात. ज्या घरात जो तांदूळ असेल तो आणून एका गंजात शिजवत होत्या. घरोघर वेगळा उपास पडला की बाई फुटते, हे त्यांनी त्याच प्रकरणातून उचललं होतं. एकही फुटली नाही. शेवटी मुन्शीनं शिव्या घालत त्यांच्यासमोर छाट मोडली, आणि विकायला काही उरेना तशी ती आपोआप कमीही झाली. दुसऱ्या दुपारी सगुणाबाई सूप घेऊन हजर. भांडणाचं नावही नाही. "पुढचं सांगा," एवढंच म्हणाली. काकू आत जाऊन डोळे पुसून आली.

तेरवीनंतर मी सौंदडला गेले, तर दुपारी बाया पडवीत आल्याच. सगुणाबाई एका नव्या सुनेला गोष्ट सांगत होती. मला वाटलं, ही नक्की जिंकवणार. पण तिनं सगळी हार सांगितली, काकूपेक्षा जरा लांबवूनच.

"मंग आयकाचं कायले?" सून फणकारली आणि सूप उचलून चालू लागली. मी तिला थांबवायला उठले.

"जाऊ दे तिले," सगुणाबाई बिडीला दोरा गुंडाळत म्हणाली. "मीबी गेली होती."