जिलबीची सही

दादाभाऊला न कळणारी गोष्ट अजून जन्माला यायची आहे. कांद्याची निर्यात कधी उघडणार, अमेरिकेनं कुणाला दम भरला, दिल्लीत कोण कुणाच्या कानाला लागलंय, बिबट्या उसातच का पिल्लं घालतो, हे सगळं त्याला सकाळी नऊच्या आत ठाऊक असतं. नऊनंतर ते आम्हालाही ठाऊक होतं, कारण चिमाजीच्या चहाच्या टपरीवर कानात बोटं घालून बसायची सोय नाही.

टपरी ग्रामपंचायतीच्या समोर, कल्याण-नगर रस्त्याच्या कडेला आहे. गावाचं नाव लिहीत नाही. जुन्नर तालुक्यात आहे एवढं पुरे. असा दादाभाऊ पाहायला आमच्याच गावात येण्याची कुणाला गरजही नाही. बाकावरची रस्त्याकडची जागा त्याची. चष्मा कपाळावर, मोबाइल छातीच्या खिशात पण आवाज पूर्ण मोठा, आणि त्यातला बातमीवाला हिंदीत ओरडत असला की हा त्याच्या वरताण मराठीत ओरडतो. मी शेजारी पेपर घेऊन बसलेला असतो. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, आता निवृत्त आहे. मी बोलत नाही. मूर्ख माणसाला बोलू द्यावं आणि आपण चहा प्यावा, यासारखं सुख नाही, असं माझं पक्कं मत होतं.

दादाभाऊचं वय अठ्ठावन्न. तीन एकर बागायत आहे, ती त्याची बायको बघते. दोन गाई आहेत, त्यांच्या धारा बायको काढते. त्याला गाईजवळ बसलेलं मी कधी पाहिलं नाही, पण दुधाच्या भावावर तो अर्धा तास सहज बोलतो. त्याच्या वस्तीवरच्या खांबावरचा दिवा आठ महिने बंद होता. त्या आठ महिन्यांत त्यानं देशाच्या वीजधोरणाची सालटी काढली, वायरमनला मात्र एक फोन केला नाही. दिवा शेवटी बायकोनंच वायरमनच्या मागे लागून लावून घेतला. त्यावर हा म्हणाला, "दबाव टाकला की कामं व्हत्यात."

तो कुठल्या पक्षाचा, हे विचारायची सोय नाही. पक्ष फुटला त्या वर्षी एकाच दिवशी सकाळी एका गटाच्या गाडीतून आणि दुपारी दुसऱ्या गटाच्या गाडीतून तो मंचरच्या सभेला जाऊन आला. दोन्हीकडे जेवला. संध्याकाळी बाकावर बसून दोन्ही पुढाऱ्यांना नालायक म्हणाला.

"मी स्पष्टवक्ता हाये, राव. आपल्याला कुनाची भीडभाड नाय," हे वर.

बोलणं सुरू व्हायचं ते एकाच वाक्यानं. "ह्या देशाला ना, एकच इलाज हाये." इलाज रोज वेगळा असायचा. सोमवारी लष्कर, मंगळवारी सगळ्या निवडणुका बंद, बुधवारी सगळ्यांना एका रांगेत उभं करून फटके. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण वाढायला बसला की माणूस थकत नसे.

त्याची बायको सोनीबाई. माहेर अवसरी बुद्रुकचं, शिक्षण सातवी. अठरा वर्षं ती वस्तीवरच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. अंगणवाडी म्हणजे काय, तर तिच्याच घराची पडवी. एका भिंतीला गोठा, दुसऱ्या भिंतीला बावीस पोरं. पावसाळ्यात पडवी गळते, तेव्हा खिचडीचं पातेलं ही उचलून आपल्या चुलीवर नेते. इमारत मिळावी म्हणून चार वर्षं ती जुन्नरला पंचायत समितीत हेलपाटे घालत होती. एसटीनं जायची, टेबलामागच्या माणसाला जेवण करून येऊ द्यायची, मग कागद पुढे करायची. शेवटी इमारत मंजूर झाली. जागा हवी होती. सोनीबाईनं नवऱ्याच्या मागे लागून घरालगतची दोन गुंठे जागा द्यायला त्याला तयार केलं.

त्यानंतर महिनाभर टपरीवर दुसरा विषय नव्हता. "जागा माझी, नाव आमच्या आईचं. कोनशिला बसवायची, काळ्या दगडाची." जणू चार वर्षं जुन्नरची एसटी यानंच धरली होती.

अडचण एवढीच की वस्ती रस्त्याच्या पलीकडे आणि गावठाण अलीकडे. गावठाणातल्या मंडळींना इमारत मारुतीच्या देवळामागे हवी होती. त्यांच्या पोरांसाठी शाळेच्या एका खोलीत वेगळी अंगणवाडी आधीच होती. वस्तीवरच्या तीन-चार वर्षांच्या पोरांना मात्र कांद्याचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या धावतात तो रस्ता ओलांडावा लागला असता. जागेचा निकाल सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत लागायचा होता.

पंचवीस तारखेला सोनीबाई माझ्या दारात आली. आत बसा म्हटलं तरी बसली नाही.

"गुरुजी, उद्या सभा हाये. आमच्या वस्तीवरच्या बाया येत्यात, पर बायांचं कोन ऐकतंय? तुमी एक शबुद बोलला तर वजन पडंल. पोरं रस्त्याच्या पल्याड न्यायला लागू नयेत, एवढंच बगा."

"येतो, वहिनी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं, पोरांची कवायत झाली, कागदात बांधून जिलबी मिळाली. साडेदहाला पंचायतीच्या हॉलमध्ये सभा लागली. तिथून टपरी तीस पावलांवर. वस्तीवरचे नऊ बाप्ये जिलबीचा कागद हातात घेऊन तिथं बसले होते, आणि मधोमध दादाभाऊ. मी म्हटलं, एक चहा घेऊ आणि जाऊ.

चिमाजी गाळणी आपटत म्हणाला, "दादाभाऊ, सभा चालू झाली. तुमच्या जागंचा इषय हाये म्हनं."

"आरं सभा कसली, नुसता तमाशा," दादाभाऊ म्हणाला. "आधीच सगळं ठरल्यालं असतंय. तिथं जायाचं म्हंजे त्यांना मान दिल्यावानी. आन मी फुकट जागा देतोय, मला कोन नाय म्हनंल?"

आणि मग त्या शहाण्यानं ग्रामसभेचं महत्त्व सांगायला घेतलं. घटनादुरुस्ती काय, ग्रामसभा लोकसभेपेक्षा मोठी कशी, गावानं मनात आणलं तर मंत्र्याला कसा घाम फोडता येतो. समोर हॉलच्या दारातून सोनीबाईच्या वस्तीवरच्या बायकांचे पदर दिसत होते, आणि हा पाठ तिकडे करून गावाच्या ताकदीवर बोलत होता. मी उठायला हवं होतं. पण मूर्खपणाला असा रंग चढला होता की उठवेना. खरं सांगतो, मला मजा येत होती. चिमाजीनं दुसरा चहा पुढे केला, तो घेतला.

बाराच्या सुमाराला पंचायतीचा शिपाई भिका हजेरीचं रजिस्टर घेऊन टपरीवर आला. हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. सभा भरायला शंभर माणसं लागतात, आमच्याकडे येतात तीस-पस्तीस. उरलेल्या सह्या भिका टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात, देवळाच्या ओट्यावर फिरून गोळा करतो. गावात याला जिलबीची सही म्हणतात. जिलबी खाल्ली ना, मग कर सही. त्यात कुणाला काही वाटत नाही. सह्या कमी पडल्या तर सभा पुढे ढकलावी लागते, झालेले ठराव धरता येत नाहीत, आणि भिकाला बोलणी खावी लागतात.

नऊही जणांनी सह्या केल्या. दादाभाऊनं चष्मा कपाळावरच ठेवून लांबलचक सही केली आणि खाली दोन रेघा ओढल्या. मीही केली. भिका माझा विद्यार्थी, त्याला नाही म्हणवलं नाही.

दुपारी कळलं. वस्तीच्या बाजूनं चौदा हात वर झाले, सगळे बायकांचे. गावठाणच्या बाजूनं एकवीस. इमारत मारुतीच्या देवळामागे.

दुसऱ्या दिवशी दादाभाऊ बाकावर ताठ बसला होता. मला वाटलं, आज तरी जीभ आत राहील. पण त्याचा चेहरा खुलला होता.

"बगा," तो म्हणाला, "मी काय म्हनलो व्हतो? आधीच ठरल्यालं असतंय. आपला अंदाज कधी चुकत नाय."

घर जळताना बघून आगीचा अंदाज बरोबर निघाला म्हणून खूश होणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मनातल्या मनात मी त्याला ज्या शिव्या दिल्या, त्या मास्तराच्या तोंडी शोभणाऱ्या नव्हत्या.

तीन आठवड्यांनी, सकाळी साडेनऊला, सोनीबाई टपरीवर आली. इतक्या वर्षांत ती तिथं कधी आली नव्हती. बायका टपरीवर येत नाहीत. चिमाजीनं गॅस बारीक केला. तिच्या हातात कागद होता. तो तिनं नवऱ्यापुढे धरला.

"ठरावाची नक्कल हाये. वाचा. रोज समद्या जगाचं वाचून दावता."

दादाभाऊनं चष्मा नाकावर घेतला आणि बातम्या द्यायच्या आवाजात सुरुवात केली. "ठराव क्रमांक सात. नवीन अंगणवाडी इमारत गावठाणात, मारुती मंदिरामागील जागेत बांधणेत यावी. सर्वानुमते मंजूर." तो थांबला आणि आमच्याकडे बघून कडाडला, "सर्वानुमते? हे कुठलं सर्वानुमते? थांबा, नावंच वाचतो. कोन असला बेइमान, त्याच्या तोंडाला काळंच फासतो. अनुमोदक, श्री. दादाभाऊ..."

पुढचं आडनाव त्याला वाचता आलं नाही. कागद तसाच हातात राहिला. मोबाइलमधला बातमीवाला खिशातून ओरडतच होता.

"मी कुठं... मी तर हितं बसलो व्हतो," तो पुटपुटला.

"व्हय. हितंच बसला व्हता," सोनीबाई म्हणाली. "पर सही तिथं हाये. मी ग्रामसेवक भाऊसाहेबांना इचारलं, ही नावं कुनी टाकली. म्हनले, हजेरीतली दोन बरी नावं टाकायचीच असत्यात. आन जागामालकच अनुमोदक म्हनल्यावर हरकत कोन घेनार?"

ग्रामसेवकाचं चुकलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तिनं नवऱ्याच्या हातून कागद घेतला आणि माझ्यापुढे केला.

"गुरुजी, सूचक राह्यलाय वाचायचा. तुमी वाचा. तुमचं वाचन सुद्द हाये."

मी वाचलं. मनातच वाचलं. माझं नाव, आडनावासकट, कुठंही ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही.

"वहिनी, आपण अर्ज करू," मी म्हणालो. "वरती कळवू, खोटी नोंद आहे म्हणून."

"खोटी कुठं? सही तुमचीच हाये." तिनं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. "ह्यांच्याकडनं मला आशाच नव्हती, गुरुजी. मी ह्यांना सांगितलंबी न्हाई. तुमच्या दारात आले व्हते."

खिचडी टाकायची वेळ झाली होती. ती रस्ता ओलांडून निघून गेली.

इमारत आता उभी राहिली आहे. पत्रा निळा, भिंतीवर फुलं-फुलपाखरं. रोज सकाळी सोनीबाई पोरांना एकमेकांच्या सदऱ्याला धरून रांगेत उभं करते, स्वतः रस्त्याच्या मधोमध जाते आणि हात वर करून ट्रक थांबवते. पोरं निघून जाईपर्यंत तिचा हात वरच असतो. टपरीच्या बाकावरून हे अगदी स्वच्छ दिसतं, कारण दादाभाऊची जागा रस्त्याकडची आहे आणि माझी त्याच्या शेजारी.

परवा एका ट्रकवाल्यानं थांबताना जोरात हॉर्न मारला. दादाभाऊनं मान हलवली.

"ट्राफिकला शिस्तच नाय ह्या देशात," तो म्हणाला. "एकच इलाज हाये, गुरुजी."

मी पेपरचं पान उलटलं.