आठ गोळ्यांची नांग तिवा

प्रिमितिवा दानाओ गावच्या बाजारात सुकी मासळी विकते. वय अठ्ठावन्न. सगळा बाजार तिला नांग तिवा, म्हणजे तिवाताई म्हणतो. मी तिचा धाकटा दीर, पिस्तुलं दुरुस्त करणारा. तिच्या चिकटपणाने माझं डोकं किती वेळा उठलंय, ते माझं मलाच ठाऊक.

रविवारी ती गल्ला बंद करते आणि मैदानावर उतरते. आमच्या नेमबाजीत पळत पळत नेम धरायचा असतो. पुठ्ठ्याला दोन गोळ्या, लोखंडी पाटीला एक. तिच्या गटाचा नियम असा की मॅगझिनमध्ये आठच गोळ्या भरायच्या. सुरुवातीला पिस्तुलात एक जादा चालते, बस्स. दुसऱ्या गटांतली पोरं वीस-वीस भरून येतात, एखादी चुकली तर आणखी एक झाडतात. आमच्याकडे ती चैन नाही. म्हणून गोळ्या शिल्लक असतानाच, पळता पळता मॅगझिन टाकून नवं घालावं लागतं. नेमकी तिथेच बाई अडायची. भरलेलं टाकायला तिचा हात धजायचा नाही. पिस्तूल पुरतं रिकामं होईपर्यंत झाडायची आणि मग पाट्यांसमोर ढिम्म उभी राहून नवं भरायची. यापायी मनिलाला जाणाऱ्या संघातली जागा तीन वर्षं तिच्याच गटातल्या वेन्सेस नावाच्या पोराने नेली आणि ही दुसरी आली.

यंदाही शेवटच्या फेरीपर्यंत तोच थोडा पुढे होता. फेरीत तीन थांबे होते: पहिल्यावर सहा गोळ्या, दुसऱ्यावर नऊ, तिसऱ्यावर आठ. वेन्सेस तिच्या आधी झाडून आला. शेवटी त्याची एक पाटी चुकली, गोळ्या संपल्या आणि उभ्याने मॅगझिन बदलावं लागलं. चेहरा पडला होता, तरी जीभ चालूच.

"सावकाश होऊ द्या, नांग. तुमच्या गोळ्या वाया जायला नकोत."

मी तिला बाजूला घेतलं. "पहिल्या थांब्यावरून निघताना मॅगझिन टाकायचं."

"त्यात दोन राहतात की."

"राहू देत. नळीत एक असतेच, नवं घातलंस की बरोबर नऊ होतात."

"आणि एखादी चुकली तर?"

"तर येशील दुसरी. सवय आहे तुला."

तिने मला नजरेनेच सोलून काढलं.

टायमर वाजला. सहा गोळ्या गेल्या आणि ती धावत सुटली. धावताना तिने दोन गोळ्यांसकट मॅगझिन चिखलात टाकलं, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मला तर नाचावंसं वाटलं. दुसऱ्या थांब्यावर नऊच्या नऊ लागल्या. पुन्हा पळता पळता नवं मॅगझिन. तिसऱ्यावर सात झाल्या, उरली एक गोळी आणि एक छोटी पाटी. तिने श्वास घेतला, झाडली, आणि पाटी आडवी झाली.

"पिस्तूल रिकामं करून दाखवा," पंचांनी नेहमीसारखं फर्मावलं. काढायला आत एकही गोळी नव्हती.

गुणांची बेरीज झाली. संघात नाव तिचं लागलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. वेन्सेस टोपी काढून पुढे आला.

"नांग, माझी जागा घेतलीत तुम्ही."

"तुझी?" ती पट्टा सोडता सोडता म्हणाली. "तीन वर्षं ती माझीच होती रे. तू नुसता बसला होतास."