जळालेल्या शहराच्या आठ फेऱ्या

गेरलिंडे क्वास्ट या बाईने जर्मनीतल्या माग्देबुर्गात तीस वर्षं क्रेन चालवली. आमचं शहर दोनदा बेचिराख झालं, एकदा सोळाशे एकतीस साली आणि एकदा माझ्या आईच्या लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात. दुसऱ्या खेपेनंतर जे उभं राहिलं त्यातल्या कितीतरी भिंती या बाईने वर चढवल्या. निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात. हिने नऊ वर्षं खपून त्या जुन्या, सोळाशे एकतीसच्या लढाईचा पटावरचा खेळ केला. घरं, सैनिक, कामगार, सगळं लाकूड स्वतः कापलेलं.

खेळ झकास होता. भांडण एकाच नियमाचं. शहर जळलं की ते उभं करायला आठ फेऱ्या. दर फेरीला एक कामगार तिथे अडकवून एक वीट ठेवायची. आणि अख्खा खेळच दहा फेऱ्यांचा!

"अगं, दुसऱ्याच फेरीत ज्याचं शहर गेलं त्याने पुढे काय माश्या मारायच्या?" डेटलेफ दर शनिवारी आमच्या पटखेळ मंडळाच्या खोलीत ओरडायचा. गणिताचा निवृत्त मास्तर, आणि पटावर जाळपोळीत पटाईत. "दोन फेऱ्या कर. आम्ही खेळायला येतो, रडायला नाही."

"जाळताना तुला घाई. बांधायला कोण, तुझा काका येणार?"

खरं सांगतो, मीही डेटलेफच्या बाजूचा होतो. हरणाऱ्याला हरत ठेवणारा खेळ कोण विकत घेईल?

तेच एका प्रकाशनाच्या एलर्सबाईंनी पत्रात लिहिलं. खेळ आवडला, आठच्या दोन फेऱ्या करा, लगेच छापतो. शनिवारी येऊन एकदा खेळून बघते. त्या शनिवारी सकाळी गेरलिंडेबाई नियमांचे दोन कागद, एक आठ फेऱ्यांचा आणि एक दोनचा, घेऊन माझ्या दारात उभी. नऊ वर्षांत तिचा आवाज असा बारीक झालेला मी ऐकला नव्हता.

"काय करू रे?"

"दोन करा, बाई. छापून तरी येईल."

तिने दोन्ही कागद घडी करून पिशवीत टाकले. दुपारी टेबलावर मात्र आठ फेऱ्यांचाच कागद होता. आता घालवलंच हिने, म्हणून मी मनात चरफडलो.

डेटलेफने दुसऱ्या फेरीत एलर्सबाईंचं माग्देबुर्ग जाळलं. आता या कंटाळणार, असं धरून मी आलुबुखारचा केक कापायला घेतला. पण त्या बाईंनी ओठ मुडपले, एक कामगार उचलला आणि राखेत बसवला. तिसऱ्या फेरीला एक वीट, चौथ्या फेरीला एक. डेटलेफ गावामागून गाव घेत सुटला होता, पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. सहाव्या फेरीपर्यंत शेजारच्या टेबलावरची माणसंही आमच्याभोवती येऊन उभी राहिली.

नवव्या फेरीत डेटलेफचा हात सैन्य घेऊन त्या अर्धवट शहराकडे वळला.

"डेटलेफ! खबरदार!" अख्खी खोली ओरडली.

"अरे, नियमात बसतंय ते!"

"बसू दे! लाज म्हणून काही आहे की नाही?" हे मी म्हणालो. माझं मलाच नवल वाटलं.

पुटपुटत त्याने सैन्य नदीपलीकडून वळवलं. दहाव्या फेरीत एलर्सबाईंनी आठवी वीट ठेवली. विटा काढून त्यांनी लाकडी घर बसवलं. खोलीत टाळ्यांचा असा कडकडाट झाला की केकची ताटली माझ्या हातून निसटली.

"अहो, जिंकलो मी!" डेटलेफ केविलवाणा ओरडत होता. "दुप्पट गुणांनी जिंकलोय!"

एलर्सबाई गेरलिंडेकडे वळल्या. "ते दोन फेऱ्यांचं पत्र फाडून टाका. एक फेरी जरी कमी केलीत, तर मी छापणार नाही."

गेरलिंडेबाई हसत होती आणि डोळे पुसत होती.

"तीस वर्षांत एवढी घरं बांधली," ती मला म्हणाली, "टाळी एकालाही पडली नव्हती रे."